नाक आणि सायनसची रचना लोकसमूहानुसार बदलते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायनसचे सीटी स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम. रिपोर्ट हातात घेऊन बसलेले रुग्ण, प्रबंधासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आणि कुतूहलापोटी विचारणारे वाचक असे सगळे मिळून गेली काही वर्षं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. 'वंश' हा शब्द मी शक्यतो टाळला आहे आणि 'लोकसमूह' म्हटलं आहे. त्याचं कारण प्रश्न ५ मध्ये सापडेल.

१. सायनस म्हणजे नेमकं काय? ते सगळ्यांना सारखेच असतात का?

'मला सायनस आहे' असं आपण सर्रास म्हणतो, पण सायनस सगळ्यांनाच असतात. त्रास होतो तो त्यांना सूज आली की. नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या चार जोड्या आहेत. गालाच्या भागात मॅक्सिलरी, कपाळात फ्रंटल, दोन डोळ्यांच्या मध्ये एथमॉइडच्या बारीक बारीक कोठड्या आणि सर्वांत मागे, कवटीच्या जवळजवळ मध्यावर स्फेनॉइड. मॅक्सिलरी सगळ्यांत मोठा. प्रौढ माणसात त्याचं आकारमान साधारण १५ मिलिलिटर भरतं.

सारखे मात्र ते अजिबात नसतात. दोन माणसांचे तर नसतातच, पण एकाच माणसाचा डावा आणि उजवा फ्रंटल सायनसही क्वचितच सारखा असतो. लोकसमूहांची तुलना करताना ही गोष्ट डोक्यात पक्की हवी.

२. माझ्या रिपोर्टमध्ये 'कॉन्का बुलोसा', 'हॅलर सेल' असं लिहिलंय. हा आजार आहे का?

नाही. ही रचनेची वेगवेगळी रूपं आहेत. एखाद्याच्या तळहातावरच्या शिरा वेगळ्या दिसाव्यात, तसंच. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर टर्बिनेट नावाचे हाडाचे वळलेले पडदे असतात. त्यांतल्या मधल्या टर्बिनेटमध्ये हवा शिरून तो फुग्यासारखा झाला, की त्याला कॉन्का बुलोसा म्हणतात. 'सेल' म्हणजे इथे पेशी नव्हे, हवेची कोठडी. अशी एथमॉइडची कोठडी डोळ्याच्या खोबणीच्या तळाखाली सरकलेली असेल तर तो हॅलर सेल, आणि मागे स्फेनॉइडच्या वर किंवा बाजूला चढून डोळ्याच्या नसेला भिडली असेल तर ओनोडी सेल. सर्वांत पुढची कोठडी ती ॲगर नासी.

'नाकाचं हाड वाढलंय' असं जे सांगितलं जातं, ते बहुतेकदा मधला पडदा एका बाजूला कललेला असतो. हाड वाढलेलं नसतं. थोडासा कल तर इतक्या जणांत असतो, की अगदी सरळ पडदाच वेगळा वाटावा.

३. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या लोकांची नाकं वेगळी का दिसतात? हवामानामुळे?

काही अंशी हो. आत घेतलेली हवा फुप्फुसांत पोचेपर्यंत शरीराच्या तापमानाला यावी लागते आणि बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरावी लागते. यातलं बहुतेक काम नाक करतं. थंड, कोरड्या हवेत ते काम वाढतं. अशा वेळी अरुंद आणि उंच पोकळी उपयोगी पडते, कारण हवेचा जास्तीत जास्त भाग ओल्या, उबदार अस्तराला घासून जातो. उष्ण, दमट हवेत ही गरज उरत नाही.

आर्थर थॉमसन आणि डडली बक्स्टन यांनी १९२३ साली जगभरची मोजमापं मांडून दाखवलं, की नाकाची रुंदी तापमान आणि आर्द्रतेबरोबर बदलते. पण दोन गोष्टी एकत्र बदलतात म्हणजे एक दुसरीमुळे बदलते असं ठरत नाही. वेगळे राहिलेले समूह पिढ्यानपिढ्या नुसत्या योगायोगानेही एकमेकांपासून दुरावतात. हा योगायोगाचा वाटा बाजूला काढायचा तर जनुकीय माहिती लागते, आणि ती १९२३ मध्ये कुणाकडेच नव्हती.

२०१७ मध्ये पश्चिम आफ्रिका, पूर्व आशिया, दक्षिण आशिया आणि उत्तर युरोप इथले पूर्वज असलेल्या लोकांच्या चेहऱ्यांची त्रिमितीय मोजणी करून नेमकी हीच तपासणी झाली. नाकाची सात मापं घेतली होती. त्यांतली फक्त दोन, म्हणजे नाकपुड्यांची रुंदी आणि नाकाच्या पाळ्यांमधलं अंतर, समूहांमध्ये योगायोगापेक्षा जास्त वेगळी निघाली. नाकपुड्यांच्या रुंदीचा तापमान आणि हवेतल्या बाष्पाशी संबंधही दिसला. उरलेल्या पाच मापांतले फरक समजायला निव्वळ योगायोग पुरतो. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. 'नाक हवामानाने घडवलं' असं सरसकट म्हणणं किती घाईचं आहे, ते त्यातून कळतं. जोडीदार निवडताना अमुक नाक आवडणं हाही घटक असू शकतो, असं त्याच संशोधकांनी नोंदवलं आहे.

यामागची काही जनुकंही आता माहीत आहेत. २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात डीसीएचएस२, आरयूएनएक्स२, जीएलआय३ आणि पीएएक्स१ या जनुकांचा नाकाच्या आकाराशी संबंध सापडला. त्यांतली जीएलआय३ आणि पीएएक्स१ ही नाकपुड्यांच्या रुंदीशी जोडलेली आहेत.

४. बाहेरून नाक रुंद असेल तर आतली पोकळी आणि सायनसही मोठे असतात का?

असं गृहीत धरू नका. बाहेरचं नाक बरंचसं कूर्चा, चरबी आणि त्वचेचं बनलेलं असतं, तर आतली पोकळी मुख्यतः हाडांची. दोघांचा मेळ सैलसर आहे. एक दुवा मात्र खरा आहे. नाकपुडीच्या किंचित आत 'नेझल व्हॉल्व्ह' ही हवेच्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा असते. अरुंद, उंच नाकात तिथला कोन साधारण १० ते १५ अंशांचा असतो, रुंद नाकात तो जास्त उघडा असतो.

सायनसचं गणित तर अनेकदा उलटं वाटतं. थंडीत गरम हवेचा साठा हवा म्हणून सायनस मोठे असतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट लोकांच्या कवट्यांत मॅक्सिलरी सायनस लहान आढळले. जपानी माकडांमध्येही थंड भागातल्या माकडांचे मॅक्सिलरी सायनस उबदार भागातल्यांपेक्षा लहान असल्याचं २००३ मध्ये दाखवलं गेलं. यावरून बरेच अभ्यासक असं मानतात, की मॅक्सिलरी सायनस ही उरलेली जागा आहे. नाकाची पोकळी, दात आणि चेहऱ्याची हाडं आपापली जागा घेतात आणि मध्ये जे शिल्लक राहतं त्यात हवा भरते. इतक्या वर्षांत सायनसच्या 'उपयोगा'बद्दल जे काही सुचवलं गेलं, त्यात मला हेच सगळ्यांत पटतं.

५. नाकाचा निर्देशांक अजून वापरतात का?

रुंदीला उंचीने भागून १०० ने गुणलं, की निर्देशांक मिळतो. ७० पेक्षा कमी म्हणजे अरुंद नाक, ७० ते ८५ मध्यम, त्याच्या वर रुंद. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचं नियोजन आणि मानवशास्त्र यांत तो आजही वापरला जातो, आणि निव्वळ माप म्हणून त्यात काही वावगं नाही.

वावगं झालं ते त्याच्या वापरात. १९०१ च्या भारतीय जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी याच आकड्यावरून असा दावा केला, की नाक जितकं रुंद तितकी जातीची सामाजिक पायरी खालची. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी मोजमापं तपासून दाखवलं, की उत्तर भारताचा काही भाग सोडला तर हे नातं टिकतच नाही. पण तोवर लाखो माणसांच्या प्रतिष्ठेवर मिलिमीटरच्या पट्टीने शेरा मारून झाला होता. नाकाची मापं घेणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास वाचलेला असावा असं मला मनापासून वाटतं. 'वंश' हा शब्द टाळतो तो यासाठीच. माणसांचे काटेकोर, बंद कप्पे असतात असं तो सुचवतो, आणि कवटीची मापं तसं सांगत नाहीत.

६. एका अभ्यासात ओनोडी सेल ८ टक्के लोकांत, दुसऱ्यात ६५ टक्के. दोन्ही समूह इतके वेगळे आहेत?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे, आणि या सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. इतका मोठा फरक दिसला की आधी मोजणाऱ्याकडे पाहावं, मग समूहाकडे.

पहिली गोष्ट व्याख्येची. स्फेनॉइडच्या वर थोडीशी डोकावणारी कोठडी कुणी ओनोडी म्हणून मोजतो, तर कुणी ती डोळ्याच्या नसेला भिडल्याशिवाय मोजत नाही. कॉन्का बुलोसाचंही तेच. टर्बिनेटच्या फक्त वरच्या पातळ भागात हवा असली तरी काही जण मोजतात, काही जण खालचा गोल भाग फुगलेला असेल तरच. ॲगर नासीचे प्रकाशित आकडे तर दहा टक्क्यांच्या आसपासपासून नव्वदीच्या पलीकडेपर्यंत जातात.

दुसरी गोष्ट स्कॅनच्या कापांच्या जाडीची. तीन-पाच मिलिमीटरचे काप घेतले तर दोन कापांच्या मध्ये एक अख्खी कोठडी हरवू शकते. अर्ध्या किंवा एक मिलिमीटरच्या कापांत ती लपत नाही. मी स्वतः समोरून घेतलेल्या कापांत जिला साधा स्फेनॉइड समजलो होतो, तीच पोकळी बाजूच्या कापात पाहिली तेव्हा ती ओनोडी निघाली, असं अनेकदा झालं आहे. समोरच्या कापात स्फेनॉइडमध्ये एक आडवी रेघ दिसते. त्या रेघेच्या वरचं दालन एथमॉइडचं असतं आणि खालचं खऱ्या स्फेनॉइडचं. तीनही दिशांचे काप पाहिले नाहीत, तर ही रेघ नुसता पडदा समजून सोडून दिली जाते.

तिसरी, कुणाचे स्कॅन घेतले. सायनसच्या तक्रारीमुळे आलेल्या रुग्णांचे, अपघातानंतर डोक्याचा स्कॅन झालेल्यांचे, की देहदान केलेल्यांचे? या तिन्हींचे आकडे एका रांगेत मांडता येत नाहीत.

म्हणून दोन देशांतल्या दोन वेगळ्या अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवून 'या लोकांत जास्त, त्या लोकांत कमी' असं म्हणू नये. त्याच माणसांनी, त्याच व्याख्येने, तसल्याच यंत्रावर दोन्ही समूह मोजले असतील तरच तुलनेला अर्थ आहे.

७. मग खात्रीने सांगता येईल असा एकही फरक नाही का?

आहेत. नाकपुड्यांची रुंदी (प्रश्न ३) हा एक. फ्रंटल सायनस हा दुसरा. बहुतेक अभ्यासांत दोन्ही बाजूंचा फ्रंटल सायनस नसणारे लोक थोडे टक्के असतात, फार तर दहाच्या आसपास. इन्युइट कवट्यांत मात्र हे प्रमाण त्याच्या कितीतरी पटीने आढळलं. व्याख्येचा घोळ इथे फारसा होत नाही, कारण सायनस आहे की नाही हे स्पष्ट दिसतं. नाकाच्या हाडी पोकळीची उंची आणि रुंदीही थंड व उष्ण प्रदेशांच्या टोकाच्या समूहांत वेगळी असते. छोट्या छोट्या कोठड्यांच्या बाबतीत मी इतका ठाम राहणार नाही.

८. समूहांमधला फरक मोठा की एकाच समूहातल्या माणसांमधला?

एकाच समूहातला, आणि तोही बराच मोठा. जगभरच्या कवट्यांच्या मापांचं विश्लेषण १९९४ मध्ये झालं. एकूण विविधतेपैकी खंडाखंडांमधल्या फरकाचा वाटा साधारण १० ते १५ टक्के निघाला. बाकी सगळी विविधता त्या त्या प्रदेशाच्या आतच होती. त्वचेच्या रंगात चित्र अगदी उलटं आहे, तिथे बहुतेक फरक प्रदेशांमध्येच आहे. आपल्याला रंग आधी दिसतो, म्हणून हाडंही तशीच विभागली असतील असा समज होतो.

९. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी रुग्णाचा लोकसमूह विचारात घ्यावा का?

डॉक्टरांनी स्कॅन विचारात घ्यावा. दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन करताना सर्वांत नाजूक जागा नाकाच्या छताशी असते. वास घेणाऱ्या तंतूंसाठी तिथे एक खळगा आहे. त्याची खोली १ ते ३ मिलिमीटर असेल तर केरोस यांच्या वर्गीकरणातला पहिला प्रकार, ४ ते ७ असेल तर दुसरा, ८ ते १६ असेल तर तिसरा. हे वर्गीकरण १९६२ चं आहे. खळगा जितका खोल, तितकी त्याची बाजूची भिंत उंच आणि उघडी. ही भिंत काही ठिकाणी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी पातळ असते. तिच्या पलीकडे मेंदूभोवतीचं पाणी आणि मेंदू आहे.

वेगवेगळ्या समूहांत केरोसच्या प्रकारांचं प्रमाण वेगळं असल्याचे बरेच अभ्यास आहेत. पण टेबलावरच्या रुग्णाला त्याचा उपयोग काय? समजा एखाद्या समूहात तिसरा प्रकार शंभरात पाचच जणांना असतो. हा रुग्ण त्या पाचांतला असला, तर ती सरासरी त्याला वाचवणार नाही. शिवाय एकाच माणसाच्या दोन बाजूंची खोलीही वेगळी असू शकते, आणि ही विषमता स्वतःच धोक्याची आहे. म्हणून मी प्रत्येक स्कॅनमध्ये दोन्ही बाजू वेगळ्या मोजून लिहितो. स्फेनॉइडच्या भिंतीत कॅरोटिड धमनी (मेंदूकडे रक्त नेणारी) उघडी आहे का, आतला पडदा तिच्यावरच टेकला आहे का, हेही तसंच.

समूहाची माहिती उपयोगी पडते ती दुसरीकडे: उपकरणांचे आकार ठरवताना, पाठ्यपुस्तकातली 'सामान्य' मापं तपासताना आणि स्कॅन आपोआप वाचणारी संगणकप्रणाली शिकवताना. एकाच समूहाच्या स्कॅनवर शिकलेली प्रणाली दुसऱ्या समूहातली निरोगी रचनाही चुकीची ठरवू शकते.

१०. काही समूहांना सायनसचा त्रास रचनेमुळेच जास्त होतो का?

तसा ठोस पुरावा नाही. कॉन्का बुलोसा किंवा कललेला पडदा असलेल्या असंख्य लोकांना कधीच त्रास होत नाही. कोठडीने सायनसचं तोंडच दाबलं असेल, तर त्या एका माणसात ती कारण ठरू शकते. समूहांमधला ठळक फरक सुजेच्या प्रकारात दिसला आहे. पाश्चात्त्य देशांत नाकातल्या पॉलिपमध्ये, म्हणजे सुजलेल्या अस्तराच्या मऊ गाठींमध्ये, बहुतेकदा इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी भरलेल्या असतात. पूर्व आशियात हे प्रमाण पूर्वी बरंच कमी होतं, पण गेल्या काही दशकांत तिथेही ते वाढलं. इतक्या थोड्या काळात हाडं बदलत नाहीत. म्हणजे कारण राहणीमानात किंवा परिसरात शोधायला हवं.

११. मुलांचे स्कॅन तुलनेत घेतले तर चालेल?

नाही. जन्मतः मॅक्सिलरी आणि एथमॉइड लहान रूपात असतात. फ्रंटल साधारण शाळेच्या पहिल्या वर्षांत दिसू लागतो आणि किशोरवयाच्या अखेरीपर्यंत वाढतो. आठ वर्षांच्या मुलात 'फ्रंटल नाही' याचा अर्थ 'अजून नाही' असा असू शकतो.

१२. आणि स्त्री-पुरुष फरक?

तो आहे. पुरुषांचे नाक आणि सायनस सरासरीने मोठे असतात, आणि हा फरक किशोरवयात वाढतो. एका समूहात पुरुष जास्त असतील तर निकाल समूहाचा नव्हे, लिंगाचा येईल.

१३. फ्रंटल सायनस नसणं किंवा मॅक्सिलरी लहान असणं नेहमी नैसर्गिकच असतं का?

नाही, आणि या ठिकाणी समूहाच्या नावाने दिशाभूल होते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सायनस खुरटलेले राहतात, फ्रंटल तर अनेकदा तयारच होत नाही. हा आजार उत्तर युरोपीय पूर्वज असलेल्यांत जास्त असतो. अस्तरावरच्या सूक्ष्म केसांची हालचाल जन्मतः बिघडलेली असेल तरी असंच होतं. तीव्र थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात अस्थिमज्जा इतकी फोफावते, की जबड्याचं हाड जाड होऊन मॅक्सिलरी सायनसची जागाच खाऊन टाकते. प्रौढपणी एकाच बाजूचा मॅक्सिलरी आक्रसला आणि त्या बाजूचा डोळा किंचित खोल गेला, तर सायनसचं तोंड बंद पडून आत ओढ निर्माण झालेली असू शकते. यांतलं काहीही 'त्या लोकांत असंच असतं' म्हणून सोडून देऊ नये.

१४. सायनसवरून माणसाचा लोकसमूह ओळखता येतो का?

विश्वासाने नाही, कारण प्रश्न ८ मध्ये आहे. माणूस मात्र ओळखता येतो. फ्रंटल सायनसची वरची कड, तिचे कंगोरे आणि आतले पडदे इतके ज्याचे त्याचे असतात, की एकसारख्या जुळ्यांतही ते वेगळे निघतात. मृत्यूआधीचा एक्स-रे उपलब्ध असेल तर त्यावरून ओळख पटवतात, आणि अशी नोंद १९२७ पासून आहे.

१५. माझे आई-वडील वेगवेगळ्या समूहांचे आहेत. मला कोणती 'सामान्य' मापं लागू?

कोणतीच एक नाहीत, आणि लागतही नाहीत. तुमच्या स्कॅनवर तुमची मापं आहेत. दोघांच्या सरासरीइतकं नाक मिळेल असंही समजू नका. आकार अनेक जनुकं मिळून ठरवतात, आणि एकाच घरातल्या भावंडांची नाकंही वेगळी असतात.

१६. प्रबंधासाठी दोन समूहांची तुलना करायची आहे. सुरुवात कुठून करू?

व्याख्यांपासून. प्रत्येक रचनेची व्याख्या एका वाक्यात, सोबत नमुन्याचं चित्र लावून, पहिला स्कॅन उघडण्याआधी लिहा. समूह कसा ठरवला तेही लिहा: रुग्णाने स्वतः सांगितला, आडनावावरून तुम्ही धरला, की जन्मस्थानावरून? आडनावावरून धरू नका. वीस रचना तपासल्या तर एखादी निव्वळ योगायोगानेही 'लक्षणीय' निघेल, म्हणून मुख्य दोन-तीन आधीच ठरवा. स्कॅन वाचणाऱ्याला रुग्णाचा समूह कळता कामा नये. शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे वाचा. नाहीतर निदान वीस स्कॅन महिन्याभराने, जुने आकडे न पाहता, स्वतःच पुन्हा वाचा. त्या वीसांत तुमचाच तुमच्याशी मतभेद किती झाला, हा आकडा प्रबंधात समूहांच्या फरकाच्या शेजारी छापा. दोन्ही आकडे जवळपास असतील, तर तुम्हाला सापडलेला फरक समूहांचा नाही, तुमच्या वाचनाचा आहे.